नाही म्हणायला ठेवलेली काकू

१४ मार्च
खोली क्रमांक सात, दुसरा मजला

चि. गोटीस,

अनेक आशीर्वाद. मी इथे खुशाल आहे, तूही तशीच असशील असं धरून चालतो. एकतीस वर्षांच्या बाईला गोटी म्हणावं की नाही यावर दोन दिवस घालवले आणि दुसरं काही सुचेना म्हणून तेच लिहिलं. नको असेल तर खोडून टाक.

पत्रास कारण असं की आज वर्ष झालं. मला ही खोली मिळाली त्याच आठवड्यात तुझी आत्या भेटून गेली होती, तेव्हा तिनं तुझा निरोप दिला होता. बाबा एका जागी एक वर्ष राहिले, तर मग बघू. निरोप देताना तिचा चेहरा असा होता, जणू तू मला चंद्रावर राहायला सांगितलंयस. तर आज सकाळी मी कॅलेंडरवर शेवटची फुली मारली. तीच खोली, तीच गादी, एकही खाडा नाही. बसच्या डेपोत बावीस वर्षं सीट शिवल्या, तिथे सुद्धा माझी इतकी सलग हजेरी कधी लागली नव्हती.

तेव्हा आता बघशील का? म्हणजे एकदा येऊन खोली बघशील का, एवढंच मला विचारायचं आहे. बाकीचं पत्र म्हणजे त्या प्रश्नाभोवती जमवलेली गर्दी आहे.

खोली दहा पावलं लांब आणि सात पावलं रुंद आहे. खिडकीतून समोरच्या धोबीखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसतं. मोरी आतच आहे. तिचा नळ बंद केल्यावरही थोडा वेळ बोलत राहतो, तुझ्या आत्यासारखा (हे तिला दाखवू नकोस). एक खुर्ची आहे, दोन कप आहेत. दुसरा कप मी पहिल्याच दिवशी घेतला. दुकानदार म्हणाला, एकटे राहता ना, मग दोन कशाला? मी म्हटलं, फुटला तर असावा. कामही मिळालंय. कोपऱ्यावरच्या गॅरेजात स्कूटरच्या सीट शिवतो. हाताला सुई आठवली, डोळ्यांना जरा वेळ लागला.

पिण्याचंही लिहितो, कारण तू ते विचारणारच. सात महिने थेंब घेतलेला नाही. त्याआधी या खोलीत राहत असतानाच दोनदा घेतली होती. तरी खोली गेली नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

तुझी आई गेल्यावर मी कसा बुडालो ते तू डोळ्यांनी पाहिलंस. तू एकोणीस वर्षांची होतीस. तुला आत्याकडे ठेवून 'दोन दिवसांत येतो' म्हणून निघालो, आणि जुन्या भाजीबाजाराच्या मागे, माल उतरवायच्या ओट्यावर, अकरा वर्षं काढली. लोकांना वाटतं रस्त्यावरच्या माणसाला खोली मिळणं अवघड. मला मधल्या काळात दोनदा मिळाली होती. अवघड असतं ते टिकणं. का, ते कुठल्याच अर्जावर लिहायला जागा नसते.

ओट्यावर आम्ही अकरा जण होतो. थंडीत एकाचं पांघरूण म्हणजे तिघांचं. मला पहिली खोली मिळाल्याची बातमी माझ्याआधी सगळीकडे पोचली. पहिल्या आठवड्यात दोघे आले, या म्हटलं. मग पाऊस आला, आणखी चौघे आले, या म्हटलं. चौथ्या महिन्यात आम्ही नऊ जण तिथे झोपत होतो, आणि मी दाराबाहेर, कारण आत जागा उरली नव्हती. मालकानं सामान बाहेर काढलं तेव्हा त्यातलं माझं कुठलं, हे मलाच सांगता येईना.

दुसऱ्या खोलीत मी शहाणपणा केला. आतून कडी लावली आणि गप्प बसलो. ते यायचे, दार वाजवायचे, नावानं हाका मारायचे. मी श्वास धरून भिंतीला टेकून बसायचो. असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी किल्ली मालकाच्या हातात दिली आणि स्वतःच्या पायांनी ओट्यावर परत गेलो. दोन्ही वेळा सरकारी कागदावर एकच शेरा पडला. 'लाभार्थी घरात राहण्यास इच्छुक नाही.'

मग वॉर्डात घरमदत कक्ष निघाला. तिथल्या एक बाई स्कूटरवरून ओट्यावर यायच्या आणि हेल्मेट काढायला विसरून तशाच बोलत बसायच्या. आम्ही त्यांना हेल्मेटबाई म्हणायचो. त्यांनी, खोली का सोडलीत, असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "दाराशी कोण आलं होतं?"

"आपलेच लोक," मी म्हटलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"या म्हणालो."

"नाही म्हणता येतं का तुम्हाला?"

मी खूप वेळ विचार केला आणि म्हटलं, "नाही."

"बघा, आत्ता आलं की," असं म्हणून त्या हसल्या आणि वहीत लिहून घेतलं. अगदी गंभीरपणे. डॉक्टर लिहून घेतात ना, याला लांबचं दिसत नाही, तसं.

या कक्षाकडे थोडी रक्कम असते, तिच्यावर आधीपासून कशाचंच नाव लिहिलेलं नसतं. माणूस नेमका कशापाशी अडलाय ते शोधायचं आणि त्यासाठी ती वापरायची. कुणाला चष्मा, कुणाच्या होणाऱ्या घरमालकाची गळकी टाकी. ठरवतात वॉर्डातलीच पाच माणसं, दर गुरुवारी एका टेबलाभोवती बसून. हेल्मेटबाई, एक नर्स, एक निवृत्त पोस्टमन, एक किराणा दुकानदार आणि एक घरमालक. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी वाचून दाखवलं की या गृहस्थांना नाही म्हणता येत नाही. घरमालक म्हणाला, हा काय आजार झाला? पोस्टमन म्हणाले, "न दिसणाऱ्याला आपण चष्मा देतो. मग याला नाही म्हणणारं माणूस द्या."

गोटी, तुझा विश्वास बसणार नाही, पण त्यांनी दिलं. ही खोली कक्षानं हमी देऊन मिळवून दिली, आणि याच इमारतीत जिन्याखालच्या खोलीत एक काकू राहतात. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. सगळा दिवस जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून भाजी निवडत बसतात. त्यांना कक्षानं सहा महिन्यांसाठी महिन्याचं मानधन ठरवून दिलं. काम एकच, माझ्या वतीनं नाही म्हणायचं.

काकूंना ते कुणी शिकवावं लागलं नाही. पहिल्याच संध्याकाळी ओट्यावरचे तिघे आले. मी वरून कठड्याआडून बघतोय. काकूंनी मान सुद्धा वर केली नाही. "जागा नाही. मागची गाडी बघा." तिघे एवढे चक्रावले की खरंच मागे वळून बघायला लागले. एकजण हुज्जत घालायला लागला, तर म्हणाल्या, "चढायचं नाही. आधी उतरणाऱ्याला उतरू द्या." तिथे उतरणारं कुणी नव्हतं.

मला मात्र त्यांनी आल्या आल्या फैलावर घेतलं होतं. "डेपोतल्या सीटा तुम्हीच शिवायचात का? माझ्या कमरेची वाट तुम्ही लावलीत." तेव्हापासून आमचं छान जमतं.

पण निव्वळ नाहीवर माणूस जगत नाही. माझीच माणसं ती. म्हणून काकूंनी तोड काढली. जिन्याखाली एक मोडकं बाक होतं. गुरुवारच्या टेबलाभोवतीच्या लोकांनी फोम आणि रेक्झिन घेऊन दिलं, मी ते शिवलं. चार ते सहा, ज्याला भेटायचं त्यानं बाकावर यायचं. चहा मी करीन. वर कुणी जायचं नाही. आधी लोक रुसले, मग यायला लागले. मी दोनदा प्यायलो तेव्हाही काकूंनी मला त्याच बाकावर बसवून पाणी दिलं आणि बाईंना कळवलं. मला वाटलं, संपलं. बाई आल्या, हेल्मेटसकट शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "खोली तुमचीच आहे. आता पुढचं बोलू." मी लहान मुलासारखा रडलो. काकू म्हणाल्या, रेक्झिन ओलं करू नका.

खरी कसोटी आठव्या महिन्यात लागली. काकूंचं मानधन संपलं होतं, तरी त्या हौसेनं बसायच्याच. पण मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पंधरा दिवस गेल्या. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी, मी जेवून ताट धुतोय, तर दाराशी कप्तान.

कप्तान म्हणजे ओट्यावरचा माझा सोबती. पूर्वी ट्रक चालवायचा. डोक्यावर कायम खलाशाची टोपी, कुठून आणली देव जाणे. एका हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला तेव्हा यानं मला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं होतं, भर बाजारातून, 'बाजू बाजू' ओरडत. त्याचे उपकार मी या जन्मात फेडू शकणार नाही. तोच दाराशी उभा. अंगात ताप, खोकल्यानं वाकलेला. म्हणाला, "आत घे."

मला माहीत होतं, तो एकदा आत आला की मागून बाकीचे येणार. आणि त्यांना अडवायला मला तोंड उरणार नाही. वर्ष मोडणार. मी दाराची चौकट धरली आणि म्हटलं, "आत नको. खाली बाकावर चल, मी येतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते राहू दे. मग जिना उतरायला लागला, आणि मी पांघरूण घेऊन त्याच्या मागे.

बाकावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी बाईंना फोन केला. दवाखाना झाला. तीन आठवडे तो तिथे होता, आणि तेवढ्यात टेबलावर त्याचा कागद आला. अडचण अशी की कप्तानला शांत खोलीत झोप लागत नाही. जन्मभर इंजिनच्या आवाजात झोपलेला माणूस. मग किराणा दुकानदाराला आठवलं, मालाच्या ट्रकांच्या गॅरेजवर एक खोली दोन वर्षं रिकामी पडलीय, आवाजामुळे कुणी घेत नाही. कप्तानला ती दाखवली. खाली गाडी सुरू झाली, खिडकीची तावदानं थरथरली, आणि हा पठ्ठ्या उभ्या उभ्या जांभई द्यायला लागला. आता तिथे बाळासारखा झोपतो. परवा मी भेटायला गेलो तर आतूनच म्हणाला, "आज नको, मी झोपलोय." मी घरी येईपर्यंत हसत होतो. त्याला पण नाही म्हणता यायला लागलं.

आणि आता खरी फुशारकी मारतो. गेल्या गुरुवारी त्या टेबलाला सहावी खुर्ची लावली. माझ्यासाठी. एक बाई स्टेशनबाहेर राहतात, तीन खोल्या सोडून आल्या, त्यांचा कागद होता. सगळे विचार करत होते. मी विचारलं, त्यांच्या दाराशी कोण येतं? हेल्मेटबाईंनी पेन उघडलं. मी आयुष्यात बऱ्याच सीट शिवल्या, मानानं बसायला मिळालेली ही पहिली.

तर अशी खबरबात आहे. वर्ष पूर्ण आहे, कक्षाच्या कागदावर तसा शिक्का आहे, हवा तर बघायला ठेवीन. तुझ्या घरच्यांना माझा नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

तुझा,
वर्षभर एका जागी राहिलेला,
बाबा


२ एप्रिल
खोली क्रमांक सात

चि. गोटीस,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी आहेत, पण पाकिटावर माझं नाव तुझ्या अक्षरात आहे, तेच आधी बराच वेळ बघत होतो. पोस्टमननं ते काकूंच्या हातात दिलं आणि काकू, ज्या कुणासाठी खुर्चीवरून उठत नाहीत, त्या दोन जिने चढून वर आल्या.

तू लिहिलंस, "वर्ष झालं, ते चांगलं झालं. मला आनंद वाटला. पण मला एकच विचारायचं आहे. सहा वर्षांपूर्वी मी तुम्हाला शोधत जुन्या बाजारात आले होते. तेव्हा तुम्ही तिथे होतात का?"

मी पत्र खिशात घालून गॅरेजात गेलो. एक सीट उलटी शिवली. मालक म्हणाला, आज घरी जा. घरी आलो. सुचेल तेवढी उत्तरं सुचली. त्या दिवशी मी दवाखान्यात होतो. मी त्या आठवड्यात दुसऱ्या गावाला होतो. यातलं काहीही तुला खरं वाटलं असतं, आणि तू कदाचित येत्या रविवारीच आली असतीस. मला तू यायला हवी आहेस. किती, ते सांगायला गेलो तर पत्र पुरायचं नाही. म्हणूनच खरं लिहितो. खोट्यावर आलीस तर पुन्हा गमावीन.

हो. मी होतो.

मागच्या पत्रात मी ऐटीत लिहिलं की मला कुणालाच नाही म्हणता येत नव्हतं. ते खोटं होतं. अकरा वर्षांत मी एकाच माणसाला नाही म्हणालो होतो. ती तू.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. माल उतरून गेला होता. तू ओट्याच्या त्या टोकाकडून आलीस, हातात माझा फोटो, डेपोच्या गणवेशातला. प्रत्येकाला थांबवून दाखवत होतीस. मी तुला लांबूनच ओळखलं, तू आईसारखी चालतेस. आणि मी रिकाम्या खोक्यांच्या चळतीमागे जाऊन बसलो. माझे कपडे ओले होते, आणि ते पावसानं ओले नव्हते. दोन दात पडलेले, तोंडाला वास. तू फोटो घेऊन फिरत होतीस आणि मला वाटलं, तिच्याकडे फोटोतला बाप आहे, तोच राहू दे. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटली, आणि तुझ्यापेक्षा मला माझी लाज मोठी वाटली.

कप्तान शेजारीच होता. मी त्याला खूण केली. तू त्याला फोटो दाखवलास. तो म्हणाला, हा माणूस गेला दुसरीकडे, वर्ष झालं. तू विचारलंस, बरा होता का? कप्तान म्हणाला, बरा होता. तू खाली बसलीस ओट्यावर, माझ्यापासून पाच पावलांवर, आणि बराच वेळ बसून राहिलीस. मग कागदावर फोन नंबर लिहून त्याच्याकडे दिलास. तू वळलीस तेव्हा मला हाक मारता आली असती. मी मारली नाही.

तो कागद मी खूप दिवस ठेवला, अगदी आकडे पुसले जाईपर्यंत. रोज फोन करता आला असता. तेही केलं नाही. कप्तान तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, मला पुन्हा असलं काम सांगू नकोस.

आता मागच्या पत्रात जे राहू दे म्हणालो, ते लिहितो. मी दारात उभा राहून त्याला आत नको म्हणालो ना, तेव्हा तापानं फणफणलेला तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "लेकीला नाही म्हणायला मला पुढे केलंस. आज निदान स्वतःच्या तोंडानं म्हणालास." आणि जिना उतरला. मी त्याच्या मागे धावलो तो नुसता मित्र म्हणून नाही. बाजारात त्या दिवशी तुझ्यामागे धावलो नव्हतो, पण हेच पाय तेव्हाही माझ्याजवळ होते.

एवढंच आहे. याहून वाईट काही लपवलेलं नाही.

गोटी, मी माफी मागतो. द्यायचीच असं नाही. तू यापुढे नाही म्हणालीस तर तो तुझा हक्क आहे आणि त्यावर मी हुज्जत घालणार नाही. कागदावर मी अजून दोन वर्षं इथेच आहे, काल नव्या करारावर सही केली, यावेळी कक्षाच्या हमीशिवाय, स्वतःच्या एकट्याच्या नावावर. मालकानं करार हातात देताना म्हटलं, राहा हवे तेवढे दिवस. स्टेशनबाहेरच्या बाईंनाही खोली मिळाली, बहिणीच्या शेजारी. सहा दिवस झाले, टिकल्यात. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण हे पत्र लिहितानाही मला आनंद होतोय, आणि तो तुझ्यापासून लपवावासा वाटत नाही. इतकं सगळं लिहून झालं आणि मी अजून माझ्या खुर्चीवर बसलोय. पूर्वी मी केव्हाच निघून गेलो असतो.

काकूंना मी आज सगळं सांगितलं. त्या भाजी निवडायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मुलगी आली तर मला ओळखू कशी येईल?" मी म्हटलं, आईसारखी चालते. त्यांनी तुझ्या आईला कधी पाहिलेलं नाही, तरी मान डोलावली. म्हणाल्या, "तिला मी काही विचारणार नाही. सरळ वर पाठवीन."

तेव्हा कधीही ये. रविवारी ये, नाहीतर पाच वर्षांनी ये, नाहीतर फोटो घेऊन पुन्हा शोधायला निघ. आता मी सापडतो.

घरीच असलेला,
तुझा बाबा